सेन्नेजेमच्या गावातून दिसणारा इजिप्तचा धर्म

प्रश्न असा आहे: प्राचीन इजिप्तचे लोक आयुष्यभर मरणाचीच तयारी करत होते का? ममी, पिरॅमिड, मृतांचा न्यायनिवाडा हे सगळं पाहिलं की तसंच वाटतं. मग त्यांच्या श्रद्धा नेमक्या काय होत्या आणि साध्या माणसाच्या रोजच्या जगण्यात त्या कुठे दिसतात?

मी प्राचीन इतिहास शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून माणसांना इजिप्तमधलं लक्सर दाखवायला घेऊन जाते. तिथल्या राजांच्या दरीतून, म्हणजे फारोंची थडगी आहेत त्या दरीतून, बाहेर पडताना हा प्रश्न हमखास येतो. थोडक्यात उत्तर ‘नाही’ असं आहे. या लोकांचा जीव जगण्यात गुंतलेला होता. शेत, घर, बायकापोरं, ताजी भाकरी, उत्तरेकडून येणारा गार वारा हे सगळं मरणानंतरही सुटू नये म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला. पण हे नुसतं सांगून पटत नाही. त्यासाठी फारोंना थोडा वेळ बाजूला ठेवून सेन्नेजेम नावाच्या एका कारागिराच्या लहानशा गावात जावं लागतं.

आधी हा गैरसमज होतो कसा, ते सांगते. इजिप्तमधली घरं, अगदी राजवाडेसुद्धा, कच्च्या मातीच्या विटांचे असत आणि वस्त्या बहुतेक नाईलच्या सुपीक पट्ट्यात असत. तीन हजार वर्षांत त्यांच्यावर गाळ बसला, वर नवी गावं वसली आणि एकोणिसाव्या शतकात तर शेतकऱ्यांनी जुन्या वस्त्यांची माती खत म्हणून शेतात नेऊन पसरली. थडगी मात्र शेतजमिनीच्या बाहेर, कोरड्या वाळवंटात, डोंगराच्या पोटात कोरलेली. घरं विरघळली, थडगी टिकली. कुठल्याही समाजाची फक्त स्मशानं उरली, तर तो समाज मरणवेडाच वाटेल.

याला एक मोठा अपवाद आहे. लक्सरच्या पश्चिम काठावर, राजांच्या दरीतून पायवाटेने डोंगर ओलांडला की दैर अल-मदीना नावाची जागा लागते. राजांची थडगी खोदणारे, गिलावा करणारे, रंगवणारे कारागीर इथे कुटुंबांसह राहत. अठराव्या राजघराण्याच्या सुरुवातीला, इ.स.पू. १५००च्या सुमाराला, वसलेलं हे गाव सुमारे ४०० वर्षं नांदतं होतं. तटबंदीच्या आत ६८च्या आसपास घरं, मधून एक अरुंद गल्ली, बाजूच्या टेकडीवर त्यांची स्वतःची थडगी. जवळपास पाणी नव्हतं. ते गाढवांवरून आणावं लागे. पुढे केव्हातरी पाण्यासाठी गावाच्या उत्तरेला सुमारे ५० मीटर खोल खड्डा खणला गेला. पाणी लागलं नाही, म्हणून तो उकिरडा झाला. त्या उकिरड्याने आपल्यावर फार उपकार केले आहेत. इथल्या बऱ्याच माणसांना लिहिता-वाचता येत होतं. पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेला त्यांचा कागद, महाग, म्हणून ती चुनखडीच्या चिपांवर आणि खापरांवर लिहीत आणि काम झालं की फेकून देत. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात इथे उत्खनन केलं, तेव्हा अशा हजारो चिपा आणि खापरं हाती आली. त्यांत धुण्याची यादी आहे, उधारी आहे, भांडणं आहेत, प्रेमगीतं आहेत, देवाला विचारलेले प्रश्न आहेत.

गावातल्या अशा लिखाणातला मला सगळ्यात प्रिय दस्तऐवज म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला हजेरीपट. राजा रामसेस दुसरा याच्या राज्यकाळाच्या ४०व्या वर्षाचा, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकातला. चुनखडीच्या मोठ्या तुकड्यावर कामगारांची नावं, पुढे काळ्या शाईत गैरहजेरीची तारीख आणि वर लाल शाईत कारण. विंचू चावला. डोळे आले. आईचं शव गुंडाळायचं आहे. देवाला नैवेद्य दाखवायचा आहे. बिअर बनवायची आहे. घरातल्या बाईला पाळी आली आहे. शव गुंडाळणं आणि बिअर बनवणं एकाच यादीत, एकाच हस्ताक्षरात येतं. मरण त्यांच्या आयुष्यात तेवढंच होतं, जेवढं कुठल्याही भरल्या घरात असतं.

आता त्यांच्या देवांकडे वळू. पाठ्यपुस्तकात ओसिरिस, आयसिस, होरस, सेथ, अनुबिस, थॉथ अशी यादी येते आणि प्रत्येकासमोर एकेक खातं लिहिलेलं असतं. ही यादी पाठ करून फारसं काही हाती लागत नाही, असं माझं मत आहे. त्यांच्या देवांना खाती नव्हती. आमुन आणि सूर्यदेव रे वेगळे होते आणि आमुन-रे म्हणून एकही होते. आकाश ही पृथ्वीवर ओणवी झालेली नूत नावाची बाई होती, गायही होती आणि सूर्याची नाव जिच्यावरून जाते अशी नदीसुद्धा होती. यातलं खरं कोणतं, असा वाद त्यांनी घातला नाही. एका गोष्टीकडे जितक्या अंगांनी पाहाल तितकी ती नीट कळते, अशी त्यांची विचाराची पद्धत दिसते.

दैर अल-मदीनाच्या घरात शिरलात तर लक्सरच्याच कर्नाकच्या मोठ्या देवळातल्या भव्य आमुनच्या आधी दुसरेच देव भेटतील. दर्शनी खोलीत विटांचा एक उंच, बंदिस्त ओटा असे. त्यावर काही घरांत बेसची चित्रं सापडली आहेत. बेस म्हणजे ठेंगणा, जीभ बाहेर काढलेला, सिंहासारखी आयाळ असलेला देव. तो बाळंतिणीचं आणि तान्ह्या मुलांचं रक्षण करी. त्याच्या जोडीला गरोदर पाणघोडीच्या रूपातली तावेरेत. बाळंतपणात बाया आणि मुलं दगावण्याचं प्रमाण मोठं होतं, हे लक्षात घेतलं की या दोन ओबडधोबड देवता घराघरांत का होत्या ते कळतं. भिंतीतल्या कोनाड्यात पूर्वजांचे छोटे अर्धपुतळे असत. आणि गावावर छाया धरून उभा असलेला तो पिरॅमिडच्या आकाराचा डोंगर, आजचा अल-कुर्न, ही त्यांची नागदेवता मेरेतसेगेर होती.

मेरेतसेगेरला वाहिलेला एक शिलालेख इटलीतल्या तोरीनोच्या संग्रहालयात आहे. नेफेराबू नावाच्या कारागिराचा. तो म्हणतो, मी अडाणी माणूस, मला बरंवाईट कळत नव्हतं. मी शिखराचा अपराध केला आणि तिने मला धडा शिकवला. रात्रंदिवस मी तिच्या हातात होतो. बाळंतीण प्रसूतीच्या विटांवर बसते तसा बसून होतो, वाऱ्याला हाक मारली तरी वारा आला नाही. मग मी तिला शरण गेलो आणि ती गोड वाऱ्यासारखी माझ्याकडे आली. याच नेफेराबूचा दुसरा शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात प्ताह देवाची खोटी शपथ घेतल्याने भरदिवसा अंधार पाहावा लागला, अशी कबुली आहे. नेब्रे नावाच्या चित्रकाराने मुलगा आजारातून वाचल्यावर आमुनला असाच लेख अर्पण केला. त्यात तो सांगतो की चाकर चुका करणाराच, पण मालक क्षमा करणारा आहे. इजिप्तचा धर्म म्हणजे नुसते पुरोहितांचे थंड विधी, असं कुणी म्हणालं की मी हे तीन दगड दाखवते. देवाचा कोप, अपराधाची टोचणी, शरणागती, उतराई हे सगळं साध्या कारागिरांनी स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवलेलं आहे.

रोजच्या अडचणींत ते देवाला कौल लावत. गावाचा लाडका देव म्हणजे राजा आमेनहोतेप पहिला. तो मरून दोन-तीन शतकं झाली होती, पण त्याला आणि त्याच्या आईला, आहमोस-नेफेर्तारीला, गावाने आपले रक्षणकर्ते मानलं होतं. सणाच्या दिवशी त्याची मूर्ती खांद्यांवरून मिरवत आणि वाटेत माणसं प्रश्न विचारत. मूर्ती पुढे झुकली की हो, मागे सरली की नाही. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. विचारलेले प्रश्न छोट्या चिपांवर आजही वाचता येतात. ते मोक्षाबिक्षाबद्दलचे नाहीत. मला ती जागा मिळेल का? हे बैल घेऊ का? माझी वस्तू अमक्याने चोरली का?

थीब्जच्या, म्हणजे जुन्या लक्सरच्या, परिसरातला एक खटला पपायरसवर लिहिलेला आहे. एका माणसाचे पाच सदरे चोरीला गेले. त्याने आमुनच्या स्थानिक मूर्तीपुढे गाऱ्हाणं घातलं आणि गावातल्या लोकांची नावं वाचली. एका शेतकऱ्याच्या नावाला देवाने मान डोलावली. शेतकरी म्हणाला, हे खोटं आहे. तो दुसऱ्या वस्तीतल्या आमुनकडे गेला. त्यानेही त्यालाच दोषी धरलं. तरी तो ऐकेना, आणखी एका आमुनकडे गेला. शेवटी कबूल झाला. यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे त्या शेतकऱ्याचा हट्ट. देवाचा निवाडा त्याला मान्य नव्हता, पण म्हणून त्याने देवावरचा विश्वास सोडला नाही. तो दुसऱ्या देवळात अपील करायला गेला.

या सगळ्याच्या मुळाशी माआत आहे. माआत म्हणजे डोक्यावर शहामृगाचं पीस खोचलेली देवी आणि त्याच वेळी जगाची घडी, न्याय, खरेपणा, प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी असणं. नाईलला दरवर्षी पूर यायचा. वर्षाचे तीनच ऋतू: पूर, पेरणी आणि सुगी, प्रत्येकी चार महिन्यांचे. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि वर पाच दिवस, ज्या दिवशी ओसिरिस, होरस, सेथ, आयसिस आणि नेफ्थिस यांचा जन्म झाला असं मानत. पूर कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर घरंदारं वाहून जाणार. एवढ्या नियमित आणि तरीही बेभरवशाच्या नदीकाठी राहणाऱ्यांना जगाची घडी ही आपोआप टिकणारी गोष्ट वाटली नाही. सूर्यसुद्धा रोज रात्री नावेत बसून पाताळातल्या बारा तासांचा प्रवास करतो, मध्यरात्री मृतांचा देव ओसिरिस याच्याशी एक होऊन नवी शक्ती मिळवतो, अपोफिस या अजस्र सर्पाशी झगडतो, तेव्हा कुठे सकाळ होते. राजांच्या थडग्यांच्या भिंतींवर हाच प्रवास रंगवलेला आहे.

ही घडी टिकवायचं काम राजाचं आणि त्याच्या वतीने देवळांचं. पहाटे पुरोहित गाभाऱ्याचं दार उघडे, मूर्तीला स्नान, वस्त्र, सुगंधी तेल, नैवेद्य. दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा सेवा. मग दार लावून, जमिनीवरची स्वतःची पावलं झाडूने पुसत बाहेर. नैवेद्य पुढे पुरोहितांमध्ये आणि सेवकांमध्ये वाटला जाई. बहुतेक पुरोहित पाळीने महिनाभर सेवा करत आणि मग आपापल्या घरी, शेतावर परतत. सेवेच्या काळात अंगावरचे केस काढायचे, लोकर वापरायची नाही, फक्त लिननचं वस्त्र. सामान्य माणसाला गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, म्हणूनच देव मिरवणुकीत बाहेर येण्याचं त्यांना इतकं महत्त्व.

माआत फक्त देवळातली गोष्ट नव्हती याचा पुरावा पुन्हा त्याच गावातून मिळतो. कारागिरांना पगार धान्यात मिळे. साध्या कामगाराला महिन्याला चार खार खपली गहू भाकरीसाठी आणि दीड खार सातू बिअरसाठी. एक खार म्हणजे साधारण ७६ लिटर. रामसेस तिसरा याच्या राज्याच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमाराला, हे धान्य थकलं. लोक हत्यारं खाली ठेवून तटाबाहेर पडले आणि थुतमोस तिसरा याच्या देवळामागे जाऊन बसले. ज्ञात इतिहासातला हा पहिला नोंदलेला संप. लेखनिकाने त्यांचे शब्द टिपून ठेवले आहेत: भुकेमुळे आणि तहानेमुळे आम्ही इथे आलो. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. हे फारोला कळवा. जवळच मेदिनेत हाबूच्या देवळात याच राजाने सणावारांना देवांना किती नैवेद्य द्यायचा याची लांबलचक यादी कोरून ठेवली आहे. कारागिरांचं गाव आणि हे देऊळ, दोन्ही एकाच दिवशी पाहता येतात आणि पाहावीत.

काही महिन्यांनी ते पुन्हा बाहेर पडले, तेव्हा म्हणाले, आता आम्ही फक्त भुकेपोटी आलेलो नाही, फारोच्या या जागी वाईट कृत्यं होत आहेत. इथे त्यांच्या श्रद्धेचा कणा दिसतो. राजा माआत राखतो म्हणून तो राजा. धान्य न मिळणं हा नुसता हिशेबाचा घोळ राहत नाही, जगाची घडी विस्कटल्याची ती खूण ठरते. त्यामुळे साध्या कामगारालाही ते मोठ्याने बोलून दाखवायचा अधिकार वाटतो.

आता मरणाकडे येऊ, कारण ते टाळून उत्तर पुरं होणार नाही. त्यांच्या कल्पनेत माणूस एकसंध नव्हता. शरीर, नाव, सावली, ‘का’ म्हणजे अन्नावर पोसली जाणारी प्राणशक्ती आणि ‘बा’ म्हणजे माणसाचं डोकं असलेला पक्षी, जो दिवसा थडग्याबाहेर फिरून रात्री शरीराकडे परततो. मरणाने हे सगळे सुटे होतात. अंत्यविधींचं काम त्यांना पुन्हा जोडण्याचं. ‘बा’ला परत येण्यासाठी ओळखीचं शरीर हवं, म्हणून ममी. ‘का’ला खायला हवं, म्हणून नैवेद्य. नाव उच्चारलं जायला हवं, म्हणून ते दगडात कोरायचं. नाव खोडणं हा त्यांच्या दृष्टीने खुनाइतकाच भयंकर गुन्हा होता आणि राजकीय सूड उगवताना त्यांनी नेमकं तेच केलं.

ममी करायला रीतीप्रमाणे ७० दिवस लागत. मेंदू नाकातून काढून टाकत. डाव्या कुशीत छेद देऊन आतडी, जठर, यकृत, फुप्फुसं बाहेर काढून वेगवेगळी जपत. हृदय मात्र जागेवरच ठेवत, कारण विचार आणि आठवण हृदयात असते असं ते मानत. मग सुमारे ४० दिवस शरीर नॅट्रॉन या नैसर्गिक क्षारात वाळवायचं, तेल आणि राळ लावायची, लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायचं. शेवटी थडग्याच्या दारात पुरोहित वाकसाने ममीच्या तोंडाला स्पर्श करी, म्हणजे मृताला पुन्हा खाता, बोलता, श्वास घेता येईल. रामसेस दुसरा याच्या नाकपुड्यांत काळे मिरे सापडले. ते भारतातूनच गेलेले असणार. आपला त्या काळच्या इजिप्तशी असलेला हा एक धागा. बाकी देवांची नावं जुळवून दोन्ही संस्कृती एकच होत्या असं सिद्ध करणारे निरोप फिरत असतात, त्यांत तथ्य नाही. परग्रहवासीयांनी पिरॅमिड बांधले, हेही तसंच. गीझाजवळ कामगारांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या, त्यांची थडगी सापडली आहेत आणि राजा खुफूच्या पिरॅमिडसाठी चुनखडी वाहणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीसुद्धा २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी मिळाली.

एवढा खर्च सगळ्यांना परवडत नसे, हे लक्षात असू द्या. बहुतेकांना चटईत गुंडाळून वाळूत पुरलं जाई. म्हणूनच दैर अल-मदीनातली थडगी इतकी मोलाची. कारागीर होते, स्वतःच्या हाताने स्वतःसाठी कोरून रंगवू शकत होते. १९०६ मध्ये इथे मुकादम खा आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं जसंच्या तसं सापडलं. सगळं सामान आता तोरीनोला आहे. अंथरूण घातलेले पलंग, भाकऱ्या, कपडे, वस्तरे, सोंगट्यांचा पट, मेरितचा केसांचा टोप आणि त्याची पेटी, खा याची मोजमापाची पट्टी. कितीतरी वस्तू वापरून झिजलेल्या आहेत. ही मरणाची तयारी म्हणावी, की घर हलवण्याची? मला ती घर हलवण्याचीच वाटते.

मग न्याय. अनुबिस तराजू धरतो, एका पारड्यात मृताचं हृदय, दुसऱ्यात माआतचं पीस. थॉथ निकाल लिहितो. शेजारी अम्मित बसलेली असते: मगरीचं डोकं, सिंहाचा पुढचा भाग, पाणघोड्याचा मागचा. हृदय खोटं ठरलं की ती ते खाऊन टाकते आणि माणूस कायमचा संपतो. बेचाळीस न्यायदेवतांपुढे मृत सांगतो की मी चोरी केली नाही, कुणाला रडवलं नाही, वजनात मारलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही. शेवटचं कलम नदीकाठच्या शेतकऱ्याचं आहे, हे उघड आहे. आणि त्यांना माणसाचा स्वभावही पुरता ठाऊक होता. ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवत. त्यावर स्वतःच्या हृदयालाच विनवणी कोरलेली असे: माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

न्यायात पार पडल्यावर काय मिळतं, हे सेन्नेजेमच्या थडग्यात दिसतं. १८८६ मध्ये सापडलेली ही जेमतेम एका खोलीएवढी जागा, पण रंग काल लावल्यासारखे. सेन्नेजेम आणि त्याची बायको इयनेफेर्ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नांगरताहेत, पेरताहेत, कापणी करताहेत. भोवती पाण्याचे पाट, खजुराची झाडं, जवसाचं शेत. मंत्रांत सांगितलंय की तिथला खपली गहू सात हात उंच असतो. त्यांचा स्वर्ग म्हणजे हे शेत. आणि तिथेही काम असतंच, म्हणून ते उशेब्ती नावाच्या छोट्या बाहुल्या सोबत नेत. कामाला हाक आली की बाहुलीने ‘मी आहे’ म्हणायचं. पुढच्या काळात वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५ बाहुल्या आणि त्यांच्यावर ३६ मुकादम, असा संच झाला. जे लोक परलोकातसुद्धा मुकादम नेमतात, त्यांना हे जग सोडवत नव्हतं, असंच मी म्हणेन.

मेलेली माणसं दूर गेली असंही ते मानत नसत. त्यांना पत्रं लिहीत. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयातलं एक पत्र एका विधुराने बायकोला, आंखिरीला, लिहिलेलं आहे. त्याच्यामागे काही पीडा लागली होती आणि ती बायकोच्या कोपामुळे असं त्याला वाटत होतं. मी तुझं काय वाईट केलं, असं तो विचारतो. तू आजारी पडलीस तेव्हा मोठा वैद्य आणला. तू गेलीस तेव्हा फारोबरोबर दूर होतो, परतल्यावर तुझ्यासाठी रडलो, तुला गुंडाळायला उत्तम कापड दिलं. तीन वर्षं एकटा राहतो आहे, दुसरं घर केलं नाही. वाचताना घशाशी येतं. आत्म्यांच्या सगळ्या शास्त्रापेक्षा या पत्रातून त्यांचा परलोक मला जास्त कळला.

सगळ्यांचा यावर अढळ विश्वास होता का, हा पुढचा प्रश्न असतो. नव्हता. इंतेफ राजाच्या थडग्यातलं म्हणून सांगितलं जाणारं वीणावादकाचं एक गीत आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की तिथून परत येऊन कुणी हाल सांगितले नाहीत, कुणी आपलं धन सोबत नेलं नाही, म्हणून आज आनंद करा. हे गीत त्यांनी लपवलं नाही, उतरवून घेऊन जपलं. आणि इ.स.पू. १११०च्या सुमाराला, रामसेस नववा याच्या काळात, आमेनपानेफेर नावाच्या पाथरवटाने कबुली दिली की आम्ही आठ जणांनी राजा सोबेकेमसाफ आणि त्याच्या राणीचं थडगं फोडलं, ममींवरचं सोनं उतरवलं, शवपेट्या पेटवून दिल्या. सोनं एकूण १६० देबेन, म्हणजे साडेचौदा किलो. पकडला गेल्यावर स्वतःचा वाटा त्याने एका लेखनिकाला दिला आणि सुटला. साथीदारांनी मग आपल्या वाट्यातून त्याची भरपाई केली. या पाथरवटाला परलोकाचं भय नव्हतं, की त्यापेक्षा भुकेचं मोठं होतं? त्या दशकांत धान्य महागलं होतं आणि पगार पुन्हा पुन्हा थकत होते, हे विसरून याचं उत्तर देऊ नये.

राजा आखेनातेनबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडं. इ.स.पू. चौदाव्या शतकात त्याने आतेन या सूर्यबिंबाशिवाय बाकी देवांची, विशेषतः आमुनची, पूजा दूर सारली आणि आमार्ना इथे नवी राजधानी वसवली. त्याला एकेश्वरवादाचा प्रवर्तक म्हणून फार उंच चढवलं जातं. पण त्याच आमार्नाच्या घरांत बेस आणि तावेरेतच्या मूर्ती सापडतात आणि तिथल्या सामान्यांच्या दफनभूमीतले सांगाडे खुरटलेली वाढ, अपुरं अन्न, लहान वयातच उपसलेलं जड काम दाखवतात. राजाने धर्म बदलला. बाळंतिणीने बेसला सोडलं नाही. तो मेल्यावर काही वर्षांतच जुनी देवळं पुन्हा सुरू झाली.

बायकांचा उल्लेख राहिला. त्यांना स्वतःची मालमत्ता ठेवता येई, घटस्फोट मागता येई, कोर्टात उभं राहता येई. दैर अल-मदीनातल्या नाउनाख्त या म्हातारीचं मृत्युपत्र आपल्याकडे आहे, इ.स.पू. ११४५च्या आसपासचं. पंचांसमोर ती म्हणते, मी फारोच्या देशातली स्वतंत्र स्त्री आहे. मी आठ मुलं वाढवली, त्यांचे संसार उभे करून दिले. आता मी म्हातारी झाले आणि काही जण माझ्याकडे बघत नाहीत. ज्याने मला हात दिला त्याला देईन, ज्याने नाही दिला त्याला माझ्यातलं काही मिळणार नाही. हेही माआतच आहे, गावच्या पंचांपुढे बोलून दाखवलेलं.

हे सगळं तीन हजार वर्षांत एकसारखं राहिलं, असं मात्र समजू नका. शेवटच्या शतकांत प्राण्यांच्या ममी वाहण्याची प्रथा इतकी वाढली की सक्कारा इथल्या दफनभूमीत लाखो आयबिस पक्षी पुरले गेले. मँचेस्टरच्या संशोधकांनी क्ष-किरण आणि सीटी स्कॅन करून पाहिल्यावर सुमारे एक तृतीयांश गुंडाळ्यांत प्राण्याचे अवशेषच निघाले नाहीत. ती सरसकट फसवणूक होती, असं मला वाटत नाही. घरट्यातल्या काड्या, पिसं, अंड्यांची टरफलं हेही पवित्रच मानलं असेल. पुढे ख्रिस्ती धर्म आला. नाईलमधल्या फिली बेटावरच्या आयसिस मंदिरात २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरलेला मजकूर हा चित्रलिपीतला शेवटचा तारीखवार लेख आहे. त्यानंतर ती वाचता येणारी माणसं संपली आणि १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोलियों यांनी तिचा उलगडा करेपर्यंत भिंती मुक्याच राहिल्या.

तुमचं लक्सरला जाणं झालं तर राजांच्या दरीला एक सकाळ द्या आणि दुसरी पूर्ण सकाळ दैर अल-मदीनासाठी राखून ठेवा. सहलवाले इथे घाईत थांबतात किंवा जागा गाळूनच टाकतात, त्यामुळे आधीच स्पष्ट सांगून ठेवा. सेन्नेजेमच्या थडग्यात एका वेळी मोजकीच माणसं मावतात, गर्दी व्हायच्या आत गेलात तर नांगरणीचं चित्र जवळून पाहता येतं. वर आल्यावर गल्लीतून शेवटपर्यंत चालत जा, सेन्नेजेमचं घर गावाच्या नैर्ऋत्य टोकाला, थडग्यापासून अगदी जवळ आहे. तिथून उत्तरेला, हाथोर देवीच्या देवळापलीकडे तो मोठा खड्डा आहे. जाणं जमणार नसेल तर बडोद्याच्या संग्रहालयात १८९५ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी विकत घेतलेली ममी आहे. तिच्यासमोर उभं राहाल तेव्हा मुलांना सांगा की हे भुताचं नाही, एका माणसाचं शरीर आहे, आणि त्या माणसाच्या घरच्यांनी ते शक्य तितकं जपून ठेवलं होतं.